करंगळीखालची गाठ उडत होती : हाताच्या धमनीतला फुगा, तपासण्या आणि ऑपरेशन

उद्यमनगरचा_पान्हा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, फार तर पांढऱ्या रश्श्याच्या धाग्यावर भांडायला उगवतो. आज डाव्या हातानं टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. उजवा हात गळ्यात आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. पंप, इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक, येईल ते उघडायचं आणि परत बसवायचं. बावीस वर्षं हेच चाललंय. या धंद्यात एक सवय सगळ्यांना असते. नट जाम झाला की पान्हा लावायचा आणि तळहातानं दांड्यावर दाणकन हाणायचं. हातोडी दोन हात लांब पडलेली असते, उठून कोण आणणार? बुश बसवताना तेच, झाकण बसवताना तेच. आमच्या मिस्त्रींनी आम्हाला असंच शिकवलं, मी माझ्या पोरांना असंच शिकवलं.

दोन वर्षांमागं थंडीत सुरुवात झाली. सकाळी गाडीवरनं शिरोलीला जाताना करंगळी आणि अनामिका पांढरीफटक पडायची, खडूसारखी. पोचून चहाचा ग्लास धरला की आधी निळी, मग लाल, आणि मग अशी आग की ग्लास खाली ठेवावा लागे. अंगठ्याला काही नाही. डाव्या हाताला काही नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, मला त्या कुणाला सांगाव्यात हे सुचलंच नाही.

ज्याला विचारावं तो म्हणे, "नस दबली असणार." आता आपल्याकडं नस म्हटलं की धमनी, शीर, मज्जातंतू सगळंच त्यात आलं. मीही डॉक्टरकडं जाऊन "नस दबलीया" असंच सांगितलं. मानेचा एमआरआय झाला. मणक्यात थोडी झीज निघाली, ४६ व्या वर्षी कुणाच्या निघत नाही? पट्टा, गोळ्या, शेक. सहा महिने त्यात गेले.

मग तळहातावर करंगळीच्या बाजूला, मनगटापासून दोन बोटं वर, चिंचोक्याएवढी गाठ जाणवायला लागली. एका ठिकाणी दाखवली. "गँगलियन आहे, पाण्याची साधी गाठ. गुरुवारी या, जागेवर भूल देऊन पाच मिनिटांत काढून टाकतो." गुरुवारी एका गिऱ्हाइकाचं इंजिन अडलं म्हणून मी गेलो नाही. त्या माणसाला मी आता जन्मभर फुकट सर्व्हिस द्यायला पाहिजे.

त्यानंतर अनामिकेच्या नखाखाली बारीक काळ्या उभ्या रेघा आल्या. मला वाटलं कुसळ गेलंय. सुई तापवून काढायला बसलो, निघेना. पंधरा दिवसांत बोटाच्या टोकाला मुगाएवढा काळा डाग. रात्री ठणक्यानं झोप नाही. बायको खोबरेल लावत होती, ती एकदम थांबली. "अहो, हे उडतंय बघा." तिचा अंगठा गाठीवर होता. मी बोट ठेवलं तर नाडीसारखी धडधड.

पुढचं रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं. त्यांनी गाठीला हात लावायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. "नट जाम झाला तर काय करता, दाखवा." मी त्यांच्या टेबलावर तळहात आपटून दाखवला. ते म्हणाले, "पुन्हा आपटू नका."

डावा हात दमला. बाकीचं रात्री टाकतो.

रंकाळा_चौपाटी

बाप रे. कुसळ काढायला सुई तापवली हे वाचून माझंच बोट दुखायला लागलं. पुढचा भाग येऊ द्या. आणि हेल्परला बसवा की टाइप करायला!

तांबडी_माती

काळजी घ्या पान्हासाहेब. पण एक सांगू का, आमच्या तालमीत असल्या गाठी लई बघितल्यात. वस्ताद तेल लावून अंगठ्यानं चोळून जिरवायचे. प्रत्येक गाठीला ऑपरेशनच कशाला? हल्ली डॉक्टर लोकांना कापायची घाई असते असं माझं मत. कुणाला पटो न पटो.

सुईदोरा

@तांबडी_माती, मत असू द्या, पण उडणाऱ्या गाठीवर ते चालवू नका. मी याच कामातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. धागाकर्त्यांच्या हाताबद्दल नाही बोलत, त्यांचे डॉक्टर त्यांना बघतायत.

धमनीची रुंदी तिथल्या नेहमीच्या मापाच्या दीडपट झाली की तिला ॲन्युरिझम म्हणतात, पुस्तकी मराठीत धमनीविस्फार. पोटातल्या महाधमनीचा आपण ऐकून असतो. हातातला दुर्मीळ, म्हणूनच चुकतो. पोटातल्याची भीती फुटण्याची असते. हातातला क्वचित फुटतो. त्याचा उपद्रव वेगळा. फुग्यात रक्त घोळतं, गुठळी धरते, तिचे कण सुटून पुढं बोटांच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात. ती नखाखालची "कुसळं" म्हणजे तेच. आता सांगा, अशा फुग्यावर वस्तादांचा अंगठा चालला तर काय होईल? गाठ जिरल्यासारखी वाटेल खरी, कारण आतला माल बोटांत गेलेला असेल.

तळहातावरच का होतो, तर तिथली रचना. हाताच्या करंगळीकडच्या बाजूनं उतरणारी अल्नर धमनी मनगटाच्या एका बोळातून बाहेर पडते आणि पुढं साधारण दोन सेंटिमीटर तिच्यावर कातडी, थोडी चरबी आणि एक पातळ स्नायू, एवढंच पांघरूण असतं. तिच्या खाली हॅमेट नावाच्या हाडाचा आकडा. म्हणजे खाली ऐरण, वर घण, मध्ये धमनी. रोज आपटून आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होते, मधला थर खचला तर फुगा येतो, आणि बऱ्याचदा दोन्ही. १९३४ साली फॉन रोझेन यांनी असा रुग्ण नोंदवला आणि १९७० मध्ये कॉन आणि सहकाऱ्यांनी याला हायपोथेनार हॅमर सिंड्रोम असं नाव दिलं. फिटर, सुतार, पत्र्याचं काम करणारे यांच्यात जास्त. आपटणाऱ्या सगळ्यांना होत नाही, काहींची धमनी मुळात कमकुवत असावी असं मानतात.

धागाकर्त्यांनी लक्षात ठेवायला सांगितलेल्या दोन गोष्टी खरंच किल्ली आहेत. थंडीनं बोटं पांढरी पडण्याचा साधा प्रकार बहुधा दोन्ही हातांत असतो. एकाच हाताची दोन-तीन बोटं, अंगठा शाबूत, आणि माणूस हाताचा हातोडा करणारा, म्हटल्यावर मान सोडून मनगटाकडं बघायला हवं. तंबाखूवाल्या तरुणांत बर्जरचा आजारही असतो, त्यात हातापायांच्या बारीक धमन्या सुजून बंद पडतात, तोही डोक्यात ठेवावा लागतो.

तांबडी_माती

ऐरण-घण पटलं. शब्द मागं घेतो. वस्तादांना वाचून दाखवतो, शिव्या मीच खाईन.

उद्यमनगरचा_पान्हा

आलो. @तांबडी_माती, तुम्ही एकटे नाही, मी स्वतः महिनाभर ती गाठ व्हिक्स लावून चोळलीय.

तपासणी. पहिली अगदी बिनपैशाची. मूठ घट्ट आवळायला लावली, मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबून धरल्या, मूठ उघडायला सांगितली. हात पिठात बुडवल्यासारखा पांढरा. मग अंगठ्याकडची धमनी सोडली, तर रंग अंगठ्याकडून हळूहळू सरकत आला, अनामिकेपाशी येऊन रेंगाळला. परत दाबून या खेपेला करंगळीकडची सोडली, तर हात तसाच पांढरा. मी वाट बघतोय, डॉक्टर वाट बघतायत. ॲलन टेस्ट म्हणतात याला. मला तर पाइपलाइनचे दोन व्हॉल्व्ह बंद करून कुठली लाइन चोक आहे ते बघतो तसंच वाटलं.

मग डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. पडद्यावर चिंचोका दिसला, आत रंग गोल फिरत होता आणि कडेला करडी गुठळी. आवाजही ऐकवतात, फुस फुस. फुग्याच्या पुढं आवाज जवळपास नव्हताच. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी ठीक आहे ना, ते बघून सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन केला. रंगाचं इंजेक्शन जाताना अंगातनं गरम पाणी फिरल्यासारखं होतं, घाबरू नका. चित्रात धमनी सरळ नव्हती, बाटलीच्या बुचाच्या स्क्रूसारखी वेडीवाकडी, मध्ये फुगा, आणि अनामिकेची एक बाजू कोरी.

ऑपरेशन खांद्याजवळ सुई देऊन फक्त हात बधिर करून झालं, मी जागाच. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवलं. पडद्याच्या पलीकडं काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. सगळं मायक्रोस्कोपखाली. फुगा दोन्ही बाजूंनी कापून काढला. टोकं ओढून जुळतील एवढी धमनी उरली नव्हती, म्हणून त्याच हाताच्या पुढच्या भागातली एक शीर काढून मध्ये जोडली. आणि ती उलटी बसवतात बरं का! शिरेत एका दिशेचे व्हॉल्व्ह असतात, सरळ बसवली तर रक्त अडवतील. हे ऐकून मी टेबलावरच म्हणालो, "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह!" भूल देणाऱ्या मॅडम हसल्या. दोरा केसाहून बारीक, हवेत सोडला तर दिसत नाही म्हणाले. साडेतीन तास लागले. पट्टा सोडल्यावर कुणी बोलेना, मग सर्जन म्हणाले, "अनामिका बघा." गुलाबी झाली होती म्हणे.

काढलेला तुकडा मी मागून बघितला. बाटलीत होता. टायरला फुगा येतो बघा, आतले धागे तुटले की रबर बाहेर येतं, अगदी तसा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातही तेच, धमनीच्या आतला लवचीक थर तुटलेला.

पहिल्या दोन रात्री दर तासाला नर्स पेनाएवढं यंत्र बोटाला लावून आवाज ऐकायची. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, मग ॲस्पिरिन. आणि तंबाखू बंद. सर्जननी मोजून एकच वाक्य सांगितलं, "तंबाखू चालू ठेवणार असाल तर माझे टाके फुकट." चुनाडबी वर्कशॉपच्या खिळे ठेवायच्या खणात टाकून दिली.

गडहिंग्लजची_लेक

तुमचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या ह्यांचं प्रकरण जरा वेगळं, पण हातातल्याच धमनीचं. डायलिसिससाठी कोपराजवळ फिस्टुला केला होता, चार वर्षं चालला. मग किडनी बदलली, सासूबाईंची बसली. डायलिसिस सुटलं, फिस्टुला बंद केला. आम्ही तो हात विसरूनच गेलो.

सहा वर्षांनी दंडाच्या आतल्या बाजूला फुगवटा. हे म्हणायचे, जुनीच शीर आहे, फिस्टुल्याची. शर्टाची बाही घट्ट व्हायला लागली, अंगठ्याला मुंग्या, तरी तेच. डॉप्लरवाल्यांनी सांगितलं की शीर नाही, दंडाची मुख्य धमनी फुगलीय, साडेतीन सेंटिमीटर. मांडीतली लांब शीर काढून जोडली. मुंग्या जायला सहा-सात महिने लागले. मला अजून कळलेलं नाही की फिस्टुला बंद केल्यावर त्रास कसा काय सुरू झाला? उलट आराम पडायला हवा ना धमनीला?

सुईदोरा

ताई, अगदी बरोबर प्रश्न. फिस्टुल्यात धमनी थेट शिरेला जोडलेली असते, त्यामुळं तिच्यातून कैक पटींनी जास्त रक्त वाहतं आणि ती वर्षानुवर्षं रुंद होत जाते. नंतर वाट बंद केली की तेच रुंद, पातळ झालेलं नळकांडं राहतं आणि पुढचा अडथळा एकदम वाढतो. त्यात किडनी टिकवायच्या गोळ्यांनी, विशेषतः स्टेरॉइडनी, भिंत आणखी हळवी होते असं मानलं जातं. म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांनी फिस्टुल्याचा जुना हात विसरू नये. मुंग्यांचं कारण शेजारून जाणारा मज्जातंतू, फुग्यानं दाबलेला.

एक फरक इथंच सांगतो. हे दोघांचेही खरे फुगे, धमनीच्या सगळ्या थरांचे. दुसरा प्रकार खोटा फुगा. सुई टोचताना, काच लागून, अपघातात धमनीला भोक पडतं, रक्त बाहेर येऊन भोवतालच्या मांसात पिशवी करतं आणि त्या पिशवीत ये-जा करत राहतं. डॉप्लरवर अर्धं लाल अर्धं निळं असं गरगरताना दिसतं. छोटा असेल तर सोनोग्राफीत बघत बघत दाबून धरतात, किंवा पिशवीत थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देऊन गोठवतात. तोंड रुंद असेल, वाढत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर मात्र उघडावंच लागतं.

पेठेतला_प्रश्नकर्ता

माझ्या बहिणीच्या एक्स-रेत मानेला जादा बरगडी निघालीय. वय २३. हात वर केला की जड पडतो. तिलाही असलं काही होऊ शकतं का? आणि हृदयात घालतात तसा स्टेंट घालून भागत नाही का, कापाकापी कशाला?

सुईदोरा

जादा बरगडी साधारण शंभरात एखाद्याला असते आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही नसतो. काहींत मात्र ती हाताकडं जाणाऱ्या धमनीला गळपट्टीच्या हाडामागं खालून रेटते. चिमटलेल्या जागेच्या पुढं धमनी फुगते आणि तिथून गुठळ्या बोटांपर्यंत येतात. बहिणीची बोटं रंग बदलतात का, मनगटाची नाडी दोन्हीकडं सारखी लागते का, हे बघून घ्या आणि हात वर-खाली करून डॉप्लर करून घ्या. फुगा निघाला तर बरगडी काढून धमनी दुरुस्त करतात, नुसती धमनी शिवून भागत नाही, रेटणारी गोष्ट तिथंच राहते.

स्टेंटबद्दल: खांद्यामागं, वयस्कर माणसात, कधी कधी घालतात. पण हात म्हणजे सतत वाकणारी गोष्ट. सांध्याशी स्टेंट चेमटतो, तुटतो. तळहातात तर प्रश्नच नाही. आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असंही नाही. धमनी नुसती बंद पडलीय, फुगा नाही, दुसऱ्या धमनीनं हात नीट भागतोय, तर आपटणं बंद, तंबाखू बंद, हातमोजे, रक्त पातळ ठेवायची आणि वाहिन्या सैल करायची औषधं, एवढ्यावरही माणसं चांगली राहतात. काही वेळा फुगा काढून टोकं नुसती बांधून टाकतात. जोडलेली शीरही पुढं बंद पडू शकते, हे आधी सांगितलेलं बरं.

इतिहासाचा_किडा

अवांतर, पण राहवत नाही. हातातल्या धमनीचा शस्त्रक्रियेच्या इतिहासात मोठा मान आहे, आणि कारण जरा लाजिरवाणं: युरोपात फासद लावायचे, म्हणजे औषध म्हणून कोपराच्या खळग्यातून रक्त काढायचे. शिरेच्या खालीच दंडाची धमनी. हात चुकला की तिला भोक आणि वर सुईदोरा म्हणतात तो खोटा फुगा. १७५९ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसलला हॅलोवेल यांनी, लॅम्बर्ट यांच्या सुचवण्यावरून, अशाच भोकाच्या दोन्ही कडांतून पोलादी टाचणी घालून तिला दोरा गुंडाळला. धमनी बांधून न टाकता शिवल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात.

पुढं १८८८ साली न्यू ऑर्लिन्सला रुडॉल्फ मेटस यांच्याकडं बंदुकीचे छर्रे लागून दंडाच्या धमनीला फुगा आलेला रुग्ण होता. वरून बांधून बघितलं, धडधड परत आली. मग त्यांनी पिशवी उघडली आणि रक्त येणारी तोंडं आतूनच शिवून टाकली. तोवर पिशवी उघडायची म्हणजे सर्जनच्या अंगावर काटा यायचा. पान्हासाहेबांच्या गुरुवारच्या "पाच मिनिटांत काढून टाकतो"वरून आठवलं.

चपला_आणि_कविता

मी सुभाषनगरची. बाबा गेली चाळीस वर्षं चपला करतात. रापी, आरी आणि ठोकाठोक, दिवसभर. हा धागा वाचला आणि पोटात गोळा आला, कारण त्यांच्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला गाठ आहे आणि मी आत्ता बोट ठेवून बघितलं तर उडतेय! ते म्हणतात, "उडू दे, गणपतीनंतर बघू." काय करू?

सुईदोरा

घाबरू नका, पण गणपतीपर्यंत थांबूही नका. मनगटाच्या त्या बाजूला साधं गँगलियन नेमकं धमनीला चिकटून येतं आणि धमनीच्या ठोक्यानं तेही उडतं. घरी एक करून बघा. दोन बोटं गाठीच्या दोन कडांना हलकी ठेवा. ठोक्याबरोबर बोटं नुसती वर उचलली गेली तर गाठ धमनीवर बसलेली असू शकते. बोटं एकमेकांपासून लांब सरकली तर गाठच फुगतेय. अर्थात बोटांवर निकाल लावायचा नसतो, डॉप्लर करा. तोवर सुई नाही, चोळणं नाही. पुढं खर्चाचा प्रश्न आला तर महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन त्यांना आधी भेटा.

उद्यमनगरचा_पान्हा

पाच महिन्यांनी धागा वर काढतोय. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) खूप जणांनी विचारलं म्हणून.

तीन महिन्यांचा डॉप्लर झाला, जोड उघडा आहे. काळा डाग खपलीसारखा गळून पडला, बोटाचं टोक जरा निमुळतं झालंय. करंगळीच्या कडेला अजून थोडं बधिर. थंडीत हात लवकर गार पडतो, पण पांढरा नाही. सहा आठवडे काहीच उचललं नाही, मग हळूहळू. आता जाड गादीचे हातमोजे आणि प्रत्येक बाकावर एक नायलॉनची हातोडी, दोरीनं बांधून. दोरी अशासाठी की "हातोडी लांब होती" हे कारण कुणी सांगू नये.

तरी परवा एक नट हलेना आणि माझा हात आपोआप वर गेला. वर्कशॉपमधलं सगळ्यात लहान पोरगं पलीकडनं ओरडलं, "मालक, शीर उलटी हाय!"

@चपला_आणि_कविता, बाबांचं काय झालं?

चपला_आणि_कविता

सांगायचं राहूनच गेलं. डॉप्लर केला. गँगलियनच निघालं, धमनीला टेकून बसलेलं. डॉक्टर म्हणाले त्रास नाही ना, मग राहू दे, आणि कुणी सुईनं पाणी काढतो म्हटलं तर धमनी शेजारी आहे हे सांगा. बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला मनगट पुढं करून गाठ उडवून दाखवतात.